गढीचा दगड आणि घरचा उंबरा
(एका खेड्यात चावडीपुढे भरलेल्या सभेत तेथील मराठी शाळेच्या मास्तरांनी दिलेले व्याख्यान)



आज मजकडे बोलण्याचे काम का आले हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. गेल्या पंधरवड्यात आपल्या गढीच्या उगवतीकडील भिंतीचे दोन ट्रॉली घडीव दगड पाणंदीच्या भरावात गेले. कोणी नेले त्याचे नाव घेण्यास मी उभा राहिलेलो नाही. तरुण मंडळी चिडली, ते रास्त आहे. दुसरी मंडळी म्हणाली, "पावसाळ्यात पाणंदीत बैलांचे गुडघे बुडतात ते कोणी पाहात नाही, आणि पडक्या भिंतीचे एवढे कौतुक!" हेही खोटे नाही.

आणि तिसरी गोष्ट मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला सांगावयास नको. माझ्या घरचा उंबरा गढीचाच दगड आहे. आजोबांनी तो बैलगाडीत घालून आणिला. लहानपणी त्यावर मी विळा घासलेला आहे. त्याच्या एका अंगास टाकीचे तिरपे घाव एकाशेजारी एक इतके सारखे आहेत, की आखणीची पट्टी लावून ओढल्यासारखे वाटतात. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मजकडे नाही. मी आपणांस एका गडाची हकीकत सांगतो. गड लष्करी ठाणे होता तो ओस कसा पडला, आणि ओस पडला होता तो पुन्हा जतन कसा झाला, एवढेच सांगावयाचे आहे.

तो गड म्हणजे रायगड. त्याची पहिली कथा आपणां सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून तेथे फार थांबत नाही. जावळीच्या मोऱ्यांकडून रायरीचा डोंगर १६५६ साली महाराजांकडे आला. हिरोजी इंदुलकराने तेथे राजधानी बांधिली. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनी तेथेच देह ठेविला. १६८९ त गड मोगलांकडे गेला. पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता, आणि १७३३ साली पुन्हा मराठ्यांकडे आला.

मला थांबावयाचे आहे ते दुसऱ्या ठिकाणी. दोन वर्षांपूर्वी शाळेची मुले घेऊन मी रायगडी गेलो होतो. महादरवाजाच्या दोन बुरुजांमध्ये उभे राहून मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, की हे राजांनी बांधिले. पाथरवटाच्या घरचे एक पोर वर पाहात उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, राजे दगड घडवीत होते काय?" मुले हसली. मी मात्र हसलो नाही. त्याच्या बापाचे हात मी पाहिलेले आहेत. त्या मुलास मी जगदीश्वराच्या देवळाकडे नेले आणि पायरीवर कोरलेले हिरोजीचे नाव दाखविले. एवढी राजधानी उभारणाऱ्या माणसाने आपले नाव कमानीवर कोरले नाही, पायरीवर कोरले. आणि हिरोजीच्या हाताखाली ज्यांनी सुरुंगाची भोके पाडिली, चुन्याच्या घाण्यास बैल जुंपले, बोथट टाक्यांना रात्रीतून पाणी देऊन सकाळी पुन्हा हाती दिल्या, पाटीने माती वाहिली, त्यांची नावे पायरीवरही नाहीत. ते आपलेच पूर्वज होते, निदान आपल्यासारखेच लोक होते.

आता गड लष्करी ठाणे असतो म्हणजे काय असते ते पाहा. भिंत आणि तोफ एवढ्याने गड होत नाही. महाराजांच्या वेळी गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, आणि ते निरनिराळ्या जातींचे ठेवीत, म्हणजे एकाने फितुरी करावी म्हटले तर दुसरा आडवा यावा. ही झाली कागदावरची माणसे. त्यांच्या खाली गडाच्या घेऱ्यात मेटे असत. तेथे रामोशी, कोळी, महार, मांग इत्यादी लोक चौकी-पहारा करीत, आणि त्याबद्दल त्यांस जमिनी दिलेल्या असत. पहारेकऱ्याला रानवाट ठाऊक, गवत ठाऊक, कोणत्या टाक्याचे पाणी चैत्रापर्यंत पुरेल तेही ठाऊक. शिवाय टाक्यांतला गाळ काढणे, गवताने घरे शाकारणे, पन्हळी मोकळ्या ठेवणे ही कामे दर साल व्हावयाचीच. तटाच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले की ते बोटाएवढे असतानाच उपटावयाचे. मनगटाएवढे झाले तर मुळी आत गेलेली असते, आणि मांडीएवढे झाल्यावर त्याच्यासकट तटच खाली येतो. गडाचे आयुष्य अशा दोन-चार आण्यांच्या कामांवर असते.

१८१८ साली काय झाले? इंग्रजांनी गडाला वेढा घातला. कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या. वाड्यांना आगी लागल्या. १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. रायगड तोफांनी उद्ध्वस्त केला असे आपण म्हणतो, आणि वाड्यांपुरते ते खरेच आहे. परंतु दगडी तट तोफेच्या गोळ्यांनी संपत नाही. तट संपतो तो पुढे, जेव्हा सरकारला गडाची गरज उरत नाही, घेऱ्यातल्या माणसाचे काम जाते, आणि त्या पिंपळाच्या रोपाला उपटणारा हात राहात नाही. कित्येक गडांच्या तर वाटा आणि पायऱ्याच इंग्रजांनी सुरुंग लावून उडविल्या, की पुन्हा कोणी वर चढून बंड करू नये. रायगडची पायवाट राहिली, पण वर जावयाचे कारण राहिले नाही. पन्नास-साठ पावसाळे असे गेले.

ह्या ओसाडीत जोतिराव फुले रायगडावर गेले आणि झाडाझुडपांत लपलेली महाराजांची समाधी शोधून त्यांनी ती साफसूफ केली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा छापला, हे तर छापील पुस्तकच आहे. जोतिराव बांधकामांची कंत्राटे घेणारे गृहस्थ होते. घडीव दगड आणि चुना यांची किंमत त्यांस पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. राजाला गोब्राह्मणप्रतिपालक म्हणून ज्यांनी पाहिले त्यांनी पाहिले. जोतिरावांनी त्यास कुणब्यांचा राजा म्हणून पाहिले आणि त्याची आठवण कुणब्याच्या झोपडीपर्यंत न्यावयाची म्हणून पवाडा रचिला.

पुढे १८८३ साली जेम्स डग्लस नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने मुंबईवरील आपल्या पुस्तकात रायगडची दशा लिहिली. समाधीत रान माजले आहे, फरशी फोडून झाड वर आले आहे, आणि ज्याने राज्य उभे केले त्याची विचारपूस करण्यास आज कोणी नाही, अशी त्याची तक्रार होती. परक्याने लिहिलेले वाचून आपल्याकडील शिकलेल्या मंडळींस लाज वाटली. सभा झाल्या, अर्ज गेले. मग सरकारने समाधीच्या देखरेखीसाठी रक्कम मंजूर केली. किती म्हणाल? सालाचे पाच रुपये!

हा आकडा मी शाळेत सांगतो तेव्हा मुले हसतात. मलाही पूर्वी हसू येई, हल्ली येत नाही. पाच रुपयांत तटाचा एक थर बसला नसता हे खरे. पण त्या पाच रुपयांनी एक गोष्ट झाली. जी वास्तू सरकारच्या वहीत शत्रूचा पडका किल्ला होती, ती त्याच वहीत दर सालच्या खर्चाची बाब झाली. आमच्या शाळेच्या खोलीचे पत्रे गळत होते, तेव्हा ती दुरुस्ती एकदा वहीत चढावी म्हणून मी तीन वर्षे हेलपाटे घातले. वहीत नसलेली वस्तू सरकारच्या लेखी नसतेच, हे तेव्हा शिकलो.

१८९५ साली टिळकांनी 'केसरी'तून हा प्रश्न हाती घेतला, पुण्यास सभा भरली, वर्गणी सुरू झाली, आणि १८९६ त रायगडावर उत्सव झाला. १९२६ च्या सुमारास समाधीचा जीर्णोद्धार पुरा झाला. आज आपण जी पाहतो ती त्या वेळची.

समाधीचा शोध जोतिरावांनी लाविला की टिळकांनी, यावर अजून भांडणे होतात. मी दोन शब्द बोलून पुढे जातो. १८६९ हे साल १८९५ च्या आधी येते, एवढे गणित चौथीच्या पोरालाही येते. टिळकांनी वर्गणी जमविली आणि चळवळ केली, त्याचे श्रेय त्यांस पुरेपूर द्यावे. जोतिरावांचे नाव मात्र कित्येक वर्षे धड्यात आलेच नाही. मी लहान असताना मला ते कोणी सांगितले नाही. म्हणून मी सांगतो, आणि सांगत राहणार.

यानंतरचा टप्पा कायद्याचा. लॉर्ड कर्झन हा व्हाइसरॉय बंगालच्या फाळणीमुळे बदनाम झाला, पण त्याच्याच कारकीर्दीत १९०४ साली जुन्या इमारतींच्या रक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याखाली १९०९ साली रायगड संरक्षित ठरला. स्वराज्य आल्यावर १९५८ चा नवा कायदा झाला आणि गड भारतीय पुरातत्त्व खात्याकडे राहिला. १९९६ पासून पाळण्याने वर जाता येते. म्हाताऱ्या माणसांची त्यामुळे सोय झाली, हे खरे. २०१७ साली रायगडासाठी ६०० कोटींहून अधिक रुपयांचा आराखडा पुढे आला आणि रायगड विकास प्राधिकरण नेमले गेले. पाच रुपये कोठे आणि हे कोठे! उत्खनन सुरू झाले, जुन्या घरांची जोती मातीतून वर येऊ लागली. २०२१ साली एक सोन्याची बांगडी सापडली. वर्तमानपत्रांनी बांगडीचे चित्र छापिले. माझे मन मात्र त्या जोत्यांत अडकले, कारण तेथे कोणी तरी चूल पेटविलेली असणार.

आणि ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्याकडील अकरा, आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. मराठ्यांची लष्करी भूदृश्ये असे त्या यादीतील नाव आहे. म्हणजे नुसती तटबंदी मोजली नाही. डोंगर, कडा, रान, बेट, समुद्र यांचा उपयोग करून घेण्याची जी अक्कल होती, ती मोजली. ती अक्कल मेट्यावरच्या माणसाजवळही होती, हे विसरू नका.

येथे गवंडी आणि पाथरवट मंडळी बसली आहेत, त्यांच्याकरिता थोडे कामाचे बोलतो, कारण जतन म्हणजे काय हे त्यांस माझ्याहून चटकन कळेल. जुन्या तटाची दुरुस्ती सिमेंटने करू नये असे पुरातत्त्वाची जाणती माणसे सांगतात. आपल्याला वाटते, सिमेंट पक्के, चुना कच्चा. खरी गोष्ट अशी, की भिंत ओल पिते आणि ती बाहेर टाकते. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो. ओल त्याच्या वाटे निघून जाते, आणि भिंत जरा हलली तर सांधा झिजतो, दगड शाबूत राहतो. सिमेंट दगडावर ताठ बसते. ओल आत कोंडते, क्षार दगडात उतरतात, आणि काही वर्षांनी सिमेंट तसेच राहून दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात. म्हणून जुन्या कामाला भट्टीचा चुना विरवून, वाळू घालून, घाण्यात मळून लावितात. कोठे त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी घालीत. आमच्या म्हाताऱ्या गवंड्यांपैकी दोघांनी लहानपणी घाण्यामागे बैल हाकले आहेत. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाणार. मला दगड गेल्याचे दुःख आहे, पण ही विद्या जाते याचे जास्त आहे. दगड पाणंदीत का होईना, आहे तरी.

दुसरे, पडलेला दगड उचलून मनास येईल तेथे बसविणे यालाही जतन म्हणत नाहीत. तो कोठून पडला, कोणत्या थराचा, त्यावर काही खूण आहे काय, हे आधी लिहून ठेवावे लागते. आणि रंग! गडावर आमच्याच तालुक्याच्या एका पोराने आपले नाव तेलरंगाने लिहिलेले मी पाहिले. हिरोजीने एवढा गड बांधून पायरीवर नाव कोरले, आणि याने बांधले काय तर मुंडासे. कायद्याने अशा कामास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आता आपल्या पोटातली भीती. परवा मला एका शेतकरी बंधूने विचारले, "मास्तर, गढी सरकारी यादीत गेली तर माझे रान जाईल ना?" प्रश्न बिनतोड आहे आणि त्याला देशभक्तीचे उत्तर देणे म्हणजे शुद्ध लबाडी होय. केंद्राच्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. पोरगे लग्नाचे झाले, एक खोली वाढवावयाची म्हटली तरी अडचण. पन्हाळ्यावर तर गावच नांदतो आहे. जागतिक यादीची बोलणी चालू असताना तेथील लोकांनी आपल्या घरादाराची काळजी बोलून दाखविली, त्यात गैर काय? रायगडाच्या माथ्यावरही धनगरांची घरे आहेत. दमून वर आलेल्या माणसाला ताक, पिठले-भाकरी तेच देतात. ज्या काळात वर कोणी फिरकत नव्हते त्या काळात गुरांमागे का होईना, तो गड पायाखाली घालणारी माणसे तीच होती. गडाखाली हिरकणीवाडी आहे. बाळासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला प्रिय आहे. कड्यावरचे दूध आणि ताक विकणारीचे घर मात्र सरकारी नकाशात अतिक्रमण ठरू नये, एवढी सावधगिरी आपण राखली पाहिजे.

त्याचबरोबर कायद्यात जे आपल्या बाजूचे आहे तेही वाचले पाहिजे. आपण वाचीत नाही, आणि मग कोणीही येऊन भिववितो. १९५८ च्या कायद्यात संरक्षित क्षेत्रातही शेत कसण्यास मोकळीक ठेविली आहे, मात्र एक फुटापेक्षा खोल उकरता कामा नये. यादीत घेण्यापूर्वी सरकारला जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि हरकत घेण्यास दोन महिने मिळतात. आपली गढी लहान, ती गेलीच तर राज्य सरकारच्या १९६० च्या कायद्याखाली जाईल. त्याचे नियम तालुक्यास जाऊन मी आणीन, आणि येथेच, ह्याच दिव्याखाली, ओळीने वाचून दाखवीन. ते ऐकल्यावर अर्ज करावयाचा की नाही ते गावाने ठरवावे. कोणाचे रान जाणार असेल तर मी स्वतः अर्जावर सही करणार नाही.

पण यादीची वाट पाहात बसण्याचेही कारण नाही. रायगडच्या हकीकतीत मला जे दिसले ते असे, की कायदा होण्यापूर्वी कोणी तरी वर चढून झुडपे तोडिली होती. आपल्या गढीच्या पश्चिमेच्या बुरुजात पिंपळ आहे, तो अजून मनगटाएवढाच आहे. कोयता आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. मुळी ओढून काढावयाची नाही, बुंध्याशी कापावयाची आणि फुटवा आला की पुन्हा कापावयाची. ओढली तर दगड सुटतील. पावसापूर्वी पन्हळी मोकळ्या करावयाच्या. वर्षातून दोन दिवसांचे काम आहे, आणि त्या दोन दिवसांची मजुरी पंचायतीच्या वहीत चढवावी अशी माझी सूचना आहे. फुकट श्रमदान मी सुचवीत नाही. मेट्यावरच्या पहारेकऱ्यालाही जमीन मिळत होती. रक्कम लहान असो, पाच रुपयांसारखी असो, पण ती दर सालची असावी.

पाणंदीबद्दलही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर सोयीचे तेवढे बोलले. पाणंद झालीच पाहिजे. त्यासाठी मुरूम व खडी मागण्याचा अर्ज मी लिहून आणिला आहे. तो अध्यक्षांपुढे ठेवितो. सह्या आज रात्रीच व्हाव्यात. भरावात गेलेल्या दगडांपैकी जे वरच दिसतात ते परत काढावे, खालचे राहू द्यावे. त्यांच्यासाठी तयार रस्ता उखडण्यात अर्थ नाही. परत आणलेले दगड भिंतीवर चढवू नयेत. भिंतीच्या पायथ्याशी एका रांगेत रचावेत आणि त्यांवर खडूने आकडे घालावेत. सातवीची मुले ते वहीत उतरून घेतील, मी त्यांस शिकवितो.

राहता राहिला माझा उंबरा. घरात मी बोललो आहे. माझी आई म्हणते, "त्या उंबऱ्यावरून मी सून म्हणून आत आले, तो काढू नका." तिचे वय ऐंशीच्या घरात आहे, तिच्यापुढे मला काही बोलता आले नाही. तेव्हा ती आहे तोपर्यंत तो दगड तेथेच राहील, पण मुलांच्या वहीत पहिला आकडा त्याचा घालावा. दुसरा कोणाच्या घरचा घालावयाचा ते आपण सांगावे. जात्याखाली, गोठ्यात, न्हाणीत, पाराच्या कडेला, जेथे असतील तेथले सांगावेत. कोणाकडून दगड काढून नेणार नाही, नुसती नोंद करावयाची आहे. रविवारी सकाळी मुले वही घेऊन दारोदार येतील. त्यांना दगड दाखवा, आणि वडिलांकडून काही ऐकलेले असेल तर तेही सांगा.